तलावाचा मधला तुकडा

३ फेब्रुवारी
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आज तलावावर उतरवल्या त्या क्रमाने: आठ हवाबंद पिंपांवर तरंगणारा तराफा, त्यावर जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाने फिरणारा दातेरी पट्टा, जो जलपर्णी ओढून वर घेतो, लांब दांड्याचा विळा, आणि खोली मोजायची दोरी, टोकाला शिसं, वीतवीत अंतरावर गाठी. कुणा इंजिनिअरच्या पायऱ्या झिजवल्या नाहीत. सगळं याच डोक्यातून.

मेहुणा सुकाणूवर. त्याचं तोंड इंजिनापेक्षा जास्त चालतं. तराफा पाहून म्हणाला, भावजी, हे जलपर्णी कापणार की आपल्यालाच? निघताना बायकोने बजावलं होतं, यंत्र गेलं तर दुसरं कराल, माझा भाऊ एकच आहे.

राहायची खोली पंपघराला लागून, हवेशीर. खिडकीतून तलाव दिसतो, म्हणजे नुसतं हिरवं दिसतं. पाणी शपथेला नाही. पंप चालवणाऱ्या म्हाताऱ्याने किल्ली दिली, खाट झाडून दिली. माणूस चांगला वाटला.

५ फेब्रुवारी
काम झकास. जलपर्णी जमिनीत मूळ धरत नाही, तरंगते. वारा जिकडे लोटतो त्या काठावर यंत्र लावायचं, माल आपणहून दारात येतो. वारा पश्चिमेकडून आहे, म्हणून यंत्र पूर्वेला. पश्चिमेचा काठ आत्ताच आरशासारखा मोकळा झालाय.

संध्याकाळी म्हातारा म्हणाला, कडा हव्या तेवढ्या साफ करा, मधला तुकडा राहू द्या. कारण विचारलं तर म्हणे, तो झाकलेलाच बरा. तुमच्या आधीच्या माणसालाही एवढंच सांगितलं होतं. मी काय ते ओळखलं. मधे बियाणं राखायचं, वर्षाने तलाव पुन्हा भरला की पुन्हा ठेका, पुन्हा टक्केवारी. कुंपणच शेत खातंय.

८ फेब्रुवारी
मोकळा झालेला पश्चिम काठ सकाळी पुन्हा भरलेला. वारा मात्र पश्चिमेकडूनच. म्हणजे जलपर्णी वाऱ्याविरुद्ध सरकली. दोर लावून ओढल्याशिवाय हे होत नाही. दोर शोधला, सापडला नाही. म्हातारा एकटा एवढं ओढू शकत नाही. कुणीतरी सामील आहे.

काठावर टाकलेला ढीगही सुकत नाही. एवढ्या उन्हात काळा पडायला हवा होता. हिरवागार आहे, आणि झाडून सगळी मुळं पाण्याकडे वळलेली. मी ढीग फावड्याने उलटा फिरवून ठेवला.

९ फेब्रुवारी
मुळं पुन्हा पाण्याकडे. कोण करतंय हे नाटक?

मेहुणा म्हणतो, घरी जाऊ. पंपघराच्या ओट्यावर म्हाताऱ्याशी कुजबुजताना मी त्याला पाहिलंय. किती मिळाले, असं तोंडावर विचारलं. म्हणाला, भावजी, तुम्हाला स्क्रू कळतात, माणसं नाही कळत.

११ फेब्रुवारी
मधल्या तुकड्याच्या कडेला गेलो. इथली मुळं लोंबत नाहीत. ताठ, सरळ खाली गेलेली, ओझं टांगल्यासारखी. दोरी सोडली. सगळ्या गाठी संपल्या, तळ लागला नाही. मुळं त्याच्याही खाली.

विळ्याने एक जुडगा कापला. तराफा बोटभर खाली गेला — आणि वर आला. खालून कुणीतरी वजन अजमावावं तसा. मेहुणा रडायला लागला. मी म्हटलं, सोंग पुरे.

१२ फेब्रुवारी, सकाळ
म्हातारा दारात. हाकलला. मेहुण्याला म्हटलं, विकला गेला नसशील तर एकट्याने मधे जाऊन दाखव. गेला. एक शब्द बोलला नाही. त्याचं हे गप्प राहणं मला — असो.

दुपार
इंजिन ऐकू येत होतं. मग नाही.

मधे हिरवं. सलग. तराफा नाही. आठ पिंपं, हवाबंद, एकेक मी स्वतः तपासलेलं. ती बुडत नाहीत. बुडूच शकत —

म्हातारा काठावरून मेहुण्याला हाका मारतोय. माझ्या आधीपासून.

वारा पडलाय. जलपर्णी काठावर चढतेय.

म्हाताऱ्याचा आवाज थांबला.

उंबऱ्याशी ओल. दाराच्या फटीतून मुळं — काळी, बारीक, सगळी माझ्याकडे —

बायकोला काय सांग —

सकाळी म्हाताऱ्याने फडकं सोडून पैसे पुढ्यात ठेवले होते. मधलं सोडा, मेहुण्याला घेऊन आजच्या आज निघा, हे घ्या. मी म्हटलं, मी विकाऊ नाही. त्याने तरी मोजले. नाणीसुद्धा मोजली. लाच गोल आकड्यात असते, हे माझ्या कसं लक्षात — एकसष्ट हजार चारशे सतरा. म्हणाला, साहेब, माझ्याकडे एवढेच आहेत, पण