दुकान धाकटीला, पण एका अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौतीस, व्यवसाय फोटो-फ्रेम बनवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर राहून करत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकण्याचं काम या घरात मीच करते. स्तनातल्या गाठीच्या ऑपरेशननंतर उजवा हात सुजतो, म्हणून मी सांगत आहे आणि माझी धाकटी बहीण लिहीत आहे. मला मरायची घाई नाही. केमो संपली आहे, केस पुन्हा येत आहेत, आणि तेही कुरळे.

कलम एक. माझा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट मी सागवानी पट्टीत, काचेसह फ्रेम केला आहे. तो आत्याला द्यावा. 'हे दुखणं हिच्या आईच्या माहेरचं' असं आत्या भेटेल त्याला सांगत आली. इतक्या कमी वयात गाठ आली म्हणून डॉक्टरांनी माझं रक्त तपासायला लावलं, त्यात सदोष जनुक सापडलं. मग आईबाबांचंही तपासलं. आईकडे ते नाही. ते बाबांकडून आलं, म्हणजे आत्याच्याच घराण्यातून. वडिलांकडूनही ते मुलींना येतं हे आत्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलताना स्वतःच्या चपलांकडे बघतात. त्यांना सांगावं की माझी तक्रार फक्त त्यांच्याकडून आलेल्या नाकाबद्दल आहे. फ्रेमच्या मागे तपासणी केंद्राचा फोन नंबर चिकटवला आहे. आत्याने आधी स्वतः जावं, मुलींना मग पाठवावं. यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. फ्रेम उद्याच पोचेल.

कलम दोन. काच कापायचा हिरा आईला. लग्नात बाबांनी कबूल केलेला हिरा तिला अजून मिळालेला नाही.

कलम तीन. बँकेतली ठेव आईबाबांना निम्मी निम्मी. बाबांनी त्यातून कानाचं यंत्र घ्यावं, म्हणजे 'ऐकू आलं नाही' ही सबब संपेल.

कलम चार. दुकान, कोन कापायची करवत, पट्ट्यांचा साठा आणि कुणी न्यायलाच न आलेली अठरा अनोळखी जोडप्यांची छायाचित्रं धाकटीला. अट एकच. तिने सोमवारपर्यंत तपासणीसाठी रक्त द्यावं व पावती या कागदाला टाचावी. ती एकोणतीस वर्षांची आहे. ते जनुक तिच्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. आधी कळलं तर नियमित तपासण्या करता येतात, गाठ येण्याआधी बरंच काही करता येतं. मला ती संधी मिळाली नाही. गेले चार महिने ती आज डोकं दुखतंय, उद्या केंद्र बंद आहे, अशी टोलवाटोलवी करत आहे. पावती न आल्यास दुकान समोरच्या लॅमिनेशनवाल्याला जाईल. त्याने त्या अठरा जोडप्यांना खुशाल प्लास्टिकमध्ये गुंडाळावं.

इथे लिहिणारीने पेन खाली ठेवलं. मी तिला भित्री म्हटलं. तो शब्द मागे घेते, कारण त्यावर ती म्हणाली, "ताई, वाईट निकालाला मी घाबरत नाही. चांगला आला तर? सगळं तुझ्या वाट्याला आणि मी मोकळी. मग तुझ्याकडे बघू कशी?"

हे तिने स्वतःच्या हाताने लिहावं असा मी हट्ट धरला. तिने रडत लिहिलं आहे. शाई पसरली आहे तिची नोंद घ्यावी. मला फार वाईट वाटलं. चार महिने मी तिच्यावर ओरडत होते आणि ती माझ्यासाठीच अडून बसली होती.

सबब कलम चारमधली अट रद्द. दुकान धाकटीलाच, बिनशर्त. लॅमिनेशनवाल्याने आशा सोडावी.

कलम पाच. निकाल वाईट आल्यास पुढची वाट मला पाठ आहे, मी तिच्याबरोबर चालेन. निकाल चांगला आल्यास तिने तोंड पाडून घरी येऊ नये, माझी माफी मागू नये. या आजारपणात मला एकच बातमी मनापासून हवी आहे. ती देताना तिने हसावं.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. शेजारचे चष्मेवाले २. कुलपं दुरुस्त करणाऱ्या बाई
स्थळ: दुकान, पट्ट्या कापायचं टेबल
दिनांक: सात तारीख, शनिवार

लिहिणारी: धाकटी बहीण. सोमवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. ताईने बाहेर बाकावर बसावं, आत येऊन नर्सला सुई धरायला शिकवू नये.