बिनखोटीचा बाप

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, जेवतेय, आणि काल पूर्ण वीस मिनिटं गप्प बसले! शप्पथ. साक्षीदार आहेत.

आमच्या लेखनगटाचा नियमच तसा आहे. ज्याची गोष्ट त्याने तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी बोलायचं. माझ्यावर भरवसा नाही म्हणून गटातल्या नॉरीनबाईंनी माझ्या तोंडात खोबऱ्याच्या किसात घोळवलेला अख्खा लॅमिंग्टन केक कोंबला.

तू मला मेंढ्यांचा ट्रक मागे घ्यायला शिकवलंस, ती गोष्ट मी वाचली होती. मर्व नावाचा म्हातारा कोळी म्हणाला, "पोरी, लिहितेस झकास, पण हा बाप खोटा वाटतो. तीनदा कुंपण पाडलं तरी ओरडला नाही? कुठे मिळतो असा?"

नॉरीनबाई म्हणाल्या, "देवमाणसाचा कंटाळा येतो गं. एखादी तरी खोट दे त्याला."

असाच आहे माझा बाबा, असं ओरडायला गेले आणि खोबऱ्याचा कीस थेट मर्वच्या चष्म्यावर! सगळे हसून हसून लोळले.

तिकडे पाऊस झाला का? आपली विली कुत्री अजून तुझ्या बुटावर डोकं ठेवून झोपते?

घरी येताना मात्र त्यांचं म्हणणं पटलं. तुझी खोट सापडली, बाबा. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, की तू मेंढ्यांचं सांगत बसतोस. गेले तीन फोन तेच.

ते खरंखरं लिहून पाठव. कितीही लांब असू दे. मी मध्ये बोलणार नाही. आता जमतं मला.

तुझीच,
टेगन