बाबा फिरायला गेलेत की झोपलेत?

प्रिय आई,
नमस्कार इथूनच, पण वाकून केलाय असं समज.

मी मजेत आहे. खोली कोंदट आहे, पण खिडकी उघडते. जेवणही वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक वेळा.

पत्रकारितेच्या पुढच्या शिक्षणासाठी मला दोन विद्यापीठांनी घेतलंय. एक नावाजलेलं, पण इथूनही लांब. दोन वर्षं घरी फिरकता यायचं नाही. दुसरं साधंच, एका वर्षाचं, घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर. महिनाअखेर कळवायचंय आणि माझं डोकंच चालेनासं झालंय. आमच्या दैनिकाच्या संपादकांना विचारलं तर म्हणाले, "कुठंही शिक, शेवटी रात्रपाळीच करायचीय."

आई, आमच्याकडे बातमी दोघांकडून पक्की केल्याशिवाय छापत नाहीत. रविवारी तू फोनवर म्हणालीस, बाबा फिरायला गेलेत. मग धाकट्यानं फोन घेतला. त्याला विचारलं तर म्हणाला, झोपलेत. तेव्हापासून दोन्ही माहितीपत्रकं पुढ्यात घेऊन नुसती बसते. एक ओळ डोक्यात शिरत नाही.

बाबांना मागे अर्धांगाचा झटका आला, त्यानंतरही तू "सगळं ठीक" म्हणाली होतीस. इतक्या लांबून मी काय करणार गं? मला धीर देऊ नकोस, खरं सांग.

गुडघ्याला तेल लावतेस ना? धाकट्याचे पेपर कसे गेले?

कुठलं विद्यापीठ घेऊ, ते बाबांनाच लिहायला सांग. दोन शब्द पुरेत, पण त्यांच्या हातचे हवेत. अक्षर कितीही वाकडं आलं तरी मला वाचता येईल.

तुझीच,
थोरली