लाल पतंगाचा पहिला नंबर

चि. धाकट्यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. मनगटाला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांचं. आईला म्हण, ताई घाईत होती. तिचे गुडघे काय म्हणतात?

दुकानाने छापलेल्या माझ्या यादीतला पहिल्या नंबरचा पतंग मागवलास, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

चाकांच्या फळीवर उभं राहून, पतंग कमरेला बांधून, मी महिनाभर माणसाला ओढून नेणारे ते तीन मोठे पतंग तपासले. परीक्षा एकच, हात सुटला की पतंग किती लवकर पडतो. भर वाऱ्यात पतंग आवरायचा हातातला दांडा सोडायचा आणि पतंग मान टाकेपर्यंत आकडे मोजायचे. निळा तीनवर पडला, पिवळा पाचवर. लाल मेला दहा झाले तरी मला मैदानभर फरफटवत होता. मनगट तेव्हाचंच. मी त्याला शेवटचा नंबर दिला आणि पुढे लिहिलं, "विकू नका."

दुकानाच्या मालकांना मी काका म्हणते. वारा ओळखायला त्यांनीच शिकवलं. त्यांनीच यादी उलटी करून छापली. जाब विचारला तर म्हणाले, "अगं, लालच गोदामात पडून आहेत. तुझं नाव असलं की लोक डोळे मिटून घेतात."

केसाने गळा कापला रे.

काम सोडलंय. काळजी करू नका, दुसरं मिळेल.

खोका आला तर उघडूसुद्धा नकोस. ताईचं नाव आहे म्हणून तर मुळीच नको.

खाली नाव लिहवत नाही, म्हणून नुसतीच,
ताई