पांघरुणातला भात

सदाशिव पेठ, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

ती. श्यामलावहिनीस,
सा. न. वि. वि.

तू पोचल्याचा वरदचा तिकडून फोन आला. डोंगरातल्या त्या विश्रामघरात पाहुण्यांचे मोबाइल काढून घेतात म्हणे. ऐकून त्या लोकांबद्दल आदर वाटला. पत्राला दहा-बारा दिवस लागतील. लागू देत. खडकीहून यायलाही कधीकधी तेवढेच लागतात.

दादा गेल्यापासून तुझ्या डोळ्याला डोळा नाही. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं, डॉक्टर बदलून झाले. वरदच्या त्या कोरियातल्या गरम जमिनीवर पडून खरंच झोप लागली, तर तुझ्या लेकाची टिंगल मी कायमची बंद करीन.

इकडे सगळं ठीक. तुझ्या हुकमाप्रमाणे दादाची सतरंजी हॉलमध्ये खिडकीखाली अंथरलेलीच आहे. पाठदुखीमुळे तो तिथे झोपायचा हे खरं, पण तो गेल्यावर दीड वर्ष मी तिला वळसा घालून चालते आहे. गुडघे माझे आहेत, वहिनी. तुझी हरकत नसेल तर गुंडाळून ठेवते.

लोभ आहेच. तिकडच्या हवेनं वाढला तर तक्रार नाही.
तुझी नणंद,
सुनीती

•

कोरिया
१७ नोव्हेंबर

चि. सुनीतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झोप लागली, बाई. लहान मुलासारखी झोपते आहे. सकाळी औषधी पाल्याच्या वाफेत बसवतात, संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात. कुंडात सगळ्या बायका अंगावर चिंधी न ठेवता उतरतात. तू असतीस तर तशीच चालत पुण्याला परत गेली असतीस.

खोलीत पलंग नाही. चुलीची ऊब जमिनीखालून खेळवतात आणि आपण वर नुसती गादी टाकायची. चुलीजवळची जागा सगळ्यांत गरम, म्हणून मानाची. घरातलं माणूस बाहेरगावाहून यायचं असलं की त्याच्या वाटणीचा भात झाकणाच्या पितळी वाडग्यात घालून तिथे पांघरुणात गुंडाळून ठेवायचा, ही इथली जुनी रीत. कितीही उशीर झाला तरी त्याला गरम मिळतो. इथल्या मालकीणआजी शहरात गेलेल्या नातवासाठी अजून ठेवतात. मला त्यांनी खुणेनं विचारलं, तुमचं कुणी यायचं आहे का? माझी मान आपोआप हलली. आता तुझ्या दादांच्या नावाचाही वाडगा असतो. मी त्याच्या शेजारी आडवी होते आणि डोळा लागतो.

सकाळी वाडगा रिकामा असतो. मांजर असेल. झाकण मात्र नीट बसवलेलं असतं.

सतरंजी गुंडाळू नकोस. तब्येतीला जप, माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी वहिनी,
श्यामला

•

सदाशिव पेठ, पुणे
३० नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू झोपतेस हे वाचून जीव भांड्यात पडला. वरदची टिंगल बंद.

आता लिहिते ते वाचून घाबरू नकोस. दादाची सतरंजी गरम लागते आहे. चुकून पाय पडला तेव्हा कळलं. खाली अभ्यासिकेत जाऊन विचारलं, तर तिथे एक पंखा आणि स्पर्धा परीक्षांची गांजलेली मुलं, बाकी काही नाही. प्लंबर आणला. फरशीखाली नळच नाही म्हणाला. मी तळहातानं चाचपून पाहिलं. सगळी सतरंजी गरम नाही, खांद्यापासून गुडघ्यांपर्यंतच आहे, डाव्या कुशीवर पाय दुमडून निजल्यासारखी. दादा तसाच निजायचा.

आज कडेला भाताची शितं सापडली. जाड, चिकट. असला तांदूळ आपल्या घरात येत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे दादाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो मला दिसत नसावा. तरी काल चहा करताना माझ्या हातून दोन कप निघाले. आणि खरं सांगते, घरात बरं वाटलं.

आहे तो लोभ तसाच राहो.
तुझी,
सुनीती

•

कोरिया
१२ डिसेंबर

चि. सुनीतीस,
आशीर्वाद.

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी वरद इथेच होता. आजींनी त्याला सहज विचारलं, वडील कुठवर पोचले? तो म्हणाला, ते तर गेल्या वर्षीच गेले. आजी ताडकन उठल्या. वाडगा उचलून त्यांनी भात अंगणात ओतला आणि माझ्याकडे पाहून बराच वेळ बोलत राहिल्या. वरद त्याचा अर्थ सांगेना. मी बळंच वदवून घेतलं.

तो भात जिवंत माणसासाठी असतो. गेलेल्यांसाठी त्यांच्या तिथीला ताट वाढायचं आणि निरोप द्यायचा. रोज असा भात मिळाला की आपण गेलो हे त्यांना कळतच नाही. ते घरी निघतात. आणि घरी पोचल्यावर नुसत्या भातावर भागत नाही. ऊब लागते, ती जवळच्या माणसाच्या अंगातून घेतात.

घरी तू एकटी आहेस, सुनीती.

मी वाडगा बंद केला. झोप गेली, जाऊ दे. सतरंजी गुंडाळ. काहीही शिजवून तिथे ठेवू नकोस. खडकीला तुझ्या मैत्रिणीकडे, कादंबरीकडे जाऊन राहा. वरद फोन करतो आहे, तू उचलत नाहीस. मी २८ तारखेला पोचते. तोवर तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

माझ्यावर माया असेल तर एवढं ऐक.
श्यामला

•

सदाशिव पेठ, पुणे
२७ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. खाली अभ्यासिकेत ठेवते आहे, जिना चढण्याआधी वाच.

तुझं पत्र मिळालं. त्याआधीच जमीन गार पडायला लागली होती, त्यावरून तू भात बंद केलास हे मी ओळखलं. मी सतरंजी गुंडाळायला वाकले आणि मला ते होईना. मी आंबेमोहोर लावला, मऊ, वर तूप-मेतकूट. झाकून ठेवला.

तू त्याला चाळीस वर्षं वाढलंस. दादा गेला तेव्हा सगळे तुला भेटायला आले, आणि यायलाच हवे होते. पण सुनीती, तू झोपतेस का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही झोपत नव्हते, वहिनी. आता झोपते. सतरंजीच्या कडेलाच अंग टाकते.

मालकीणआजींचं खरं आहे. हल्ली मला भर दुपारी दोन स्वेटर लागतात आणि बोटांची नखं निळसर दिसतात. कादंबरी येऊन आरडाओरडा करून गेली. तिला म्हटलं, पुण्यात डिसेंबर असतो. दादाचा चेहरा मात्र सुधारला आहे. हो, आता दिसतो. बोलत नाही. मला ओळखतो की नाही, कळत नाही. भात संपला की माझ्याकडे बघत बसतो.

तू आलीस की भांडशील, ते मी ऐकून घेईन. फक्त तुझ्याजवळच्या किल्लीनं एकदम दार उघडून आत येऊ नकोस. आधी बेल वाजव आणि थांब. तो दचकतो.

आम्हा दोघांवर लोभ असू दे.
तुझी,
सुनीती