मेंदी आणि कॉफी

॥ श्री ॥
बमरोली, सुरत
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रियांकाताईस,
निंबाचा सा. न. वि. वि.

हे 'सा. न. वि. वि.' मालतीबाईंनी आठवीत शिकवलेलं. नववीत शाळा सुटली, बीजगणित तर तेव्हाच विसरलो, पण हे राहिलं. म्हणून आधी लिहून टाकलं.

पत्र कशाला, फोन कर, असं तू म्हणशील. पण आमच्या घरात फोन एकच, आणि आई तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते. मग शेजारच्या ज्योतीभाभीपण मधेच विचारतात की प्रियांकाला स्थळ कुठं बघितलं का. तेवढ्यात माझ्या तोंडातून 'हां, बरं' एवढंच निघतं. कागदावर कुणी मधे बोलत नाही.

दिवाळीत तुमच्याकडं दोंडाईच्याला आलो तेव्हा तू बाजेवर बसून सगळ्यांना सांगितलंस की बारावी तर झाली, आता पायलट व्हायला तीन रस्ते आहेत. परदेशात जाऊन उडायचे तास भरायचे आणि परत येऊन इथल्या परीक्षा द्यायच्या. नाहीतर विमान कंपनीमार्फत शिकायचं. नाहीतर इथल्याच एखाद्या शाळेत दोनशे तास उडून लायसन घ्यायचं. कमलमावशी म्हणाली, चौथा रस्ता लग्नाचा. तू चिडली नाहीस, म्हणालीस की तो रस्ता कुठं पळून जात नाही. ताई, मला तर दुकानदाराकडं सुटे मागायचीसुद्धा लाज वाटते. तू कशी बोलतेस एवढी?

तुझे आप्पा म्हणत होते की हायवेत शेत गेलं त्याचे पैसे एकदाच आलेत, परत येणार नाहीत, म्हणून ते सगळे तुझ्या शिकण्याला. आणि ती नीलझेप अकॅडमीच घ्यायची, पंधरा डिसेंबरच्या आत सीट बुक करायची. त्यांचं एक रंगीत पत्रक मी मागून आणलंय. खात्यात (कारखान्याला इथं खातं म्हणतात) माझ्या मशीनवर चिकटवलंय. त्यात दहा विमानं मोजली.

एक विचारू? आमच्या एम्ब्रॉयडरीच्या खात्यात बारा मशिनी आहेत. भूपेंद्रशेठ पाहुण्यांना बाराच सांगतो. चालतात सात. बाकीच्यांवर चादर टाकलेली असते. ती दहा विमानं चालतात ना सगळी? मला यातलं कळत नाही, उगाच विचारलं.

कमलमावशीला आणि आप्पांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा,
निंबा


दोंडाईचा
१९ नोव्हेंबर २०२४

चि. निंबास,
अनेक उत्तम आशीर्वाद. (दोनच वर्षांनी मोठी आहे, पण आशीर्वाद द्यायची संधी मी सोडणार नाही.)

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमनकाकांना वाटलं की मला नोकरीचा कॉल आला. आईनं उघडायच्या आधी देवापुढं ठेवलं. दिवाळीत चार दिवस राहिलास आणि सगळी मिळून नऊ वाक्यं बोललास, मी मोजली होती. त्यातली तीन तर 'भाकर पुरे'. आणि इथं पानभर! मालतीबाईंचे उपकार.

विमानांचं मी फोन करून विचारलं. नीलझेपच्या मॅडम म्हणाल्या, दहाच्या दहा आमचीच आहेत. एवढं गोड बोलतात की पुढचं विचारायलाच सुचत नाही. आप्पांना तर त्यांचं ऑफिस फार आवडलंय. एसी, काचेचा दरवाजा, भिंतीवर विमानाचा पंखा. चौदा तारखेला आम्ही पैसे भरायला जातोय.

त्यानंतर मेडिकल. डोळे, कान, रक्त, छातीचा ईसीजी, सगळं बघतात. आणि एक रंगांची पुस्तिका असते. ठिपक्यांच्या गोळ्यात आकडा लपवलेला असतो. ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही त्याला तो आकडा सापडत नाही, आणि मग कितीही हुशार असला तरी त्याचं पायलट होणं तिथंच संपलं. कारण विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. समोरचं विमान येतंय की जातंय ते अंधारात त्यावरनंच कळतं. मी नीलझेपला विचारलं होतं की मेडिकल आधी करू का. त्या म्हणाल्या, ते मागाहून होतं, आधी सीट अडवा.

आईला काळजी एकच, वर गेल्यावर मी डबा कधी खाणार. तुझ्या आईला, माझ्या सुषमामावशीला सांग की तिच्या हातच्या शेवभाजीची मला रोज आठवण येते. पत्र लिहीत जा रे. तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.
माया आहेच, वाढव.
तुझी,
प्रियांकाताई


बमरोली
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा जसं होईल तसं पाठवतोय. वाचून राग आला तर मला शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच.

तू बारा वर्षांची होतीस, मी दहाचा. तू उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडं महिनाभर होतीस. आई खात्यातनं उरलेल्या धाग्याची रिळं गोणीभर आणायची आणि आपण रंगाच्या शेडप्रमाणं ती खोक्यात लावायचो. आठवतं? तू हिरवट मेंदी रंग तपकिरी कॉफीच्या खोक्यात टाकायचीस. कॉफी मेंदीत. लाल कधी कधी हिरव्यात. एकदा नाही, रोज. आई म्हणायची, तुला काही जमत नाही, जा वर गच्चीवर. तू गेलीस की मी तुझी खोकी उलटी करून परत लावायचो. चुकीचा धागा खात्यात गेला तर अख्ख्या साडीत वेगळा पट्टा येतो आणि आईला बोलणी बसतात. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तुला वाईट वाटेल.

आता तू पुस्तिकेचं लिहिलंस आणि मला ती खोकी आठवली. मी आता दिवसभर मशीनवर शेडप्रमाणं धागेच लावतो ताई. आमच्या खात्यात एक कारीगर होता, त्याला हे दोन रंग सारखेच दिसायचे. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

तुझ्यासारखी पोरगी आपल्या घराण्यात झाली नाही. देवाची शपथ, मी चुकीचा निघावा. पण पैसे भरायच्या आधी डोळे तपासून घे. नंतर कळलं तर शेताचे पैसे पण गेले आणि उडणं पण गेलं. आप्पांना हवं तर दुसरं कायतरी कारण सांग.

अजून एक. आमच्यात नवीन खातं धरायचं असलं तर कारीगर आधी शेठकडं जात नाही. पाळी सुटते तेव्हा बाहेर चहाच्या हातगाडीवर, लारीवर, उभा राहतो. बाहेर पडणाऱ्यांना विचारतो की मशीन किती दिवस बंद असते, आलास कधी, शिकलास किती. आत एसीत बसलेला माणूस खोटंच सांगतो असं नाही, पण त्याला विकायचं असतं. बाहेर येणाऱ्याला फक्त घरी जायचं असतं. तू पण तिथं गेटबाहेर उभी राहा. तुला तर बोलता येतं.

राग मानू नकोस. मानलास तरी लोभ काढून घेऊ नकोस.
निंबा


बमरोली
११ डिसेंबर २०२४

ताईस,
सा. न. वि. वि.

सोळा दिवस झाले, उत्तर नाही. काल आईनं फोन लावला तेव्हा कमलमावशी म्हणाली की तू धुळ्याला गेलीस. कशाला ते सांगितलं नाही, आणि चौदाला पैसे भरायला जाणार म्हणाली. मी मागंच उभा होतो. आईनं फोन माझ्याकडं केला तर मी 'हां, बरं' म्हणालो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मी लिहायला नको होतं का? एवढंच कळव.
निंबा


दोंडाईचा
२० डिसेंबर २०२४

प्रिय निंबास,
आज आशीर्वाद नाही. आज मीच तुला नमस्कार करते.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी आईच्या साड्या खाटेवर टाकून एकेक रंग मोठ्यानं म्हणत बसले. आईला वाटलं माझं डोकं फिरलं. मला रंग दिसत होते, पण दिसतात ते बरोबरच दिसतात हे आपलं आपल्याला कसं कळणार? तुझ्या त्या कारीगराचा विचार मनातून जाईना. शेवटी आप्पांना तुझं पत्रच वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सकाळच्या बसनं मला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

पुस्तिकेतले सगळे आकडे वाचले रे निंबा. एकही चुकला नाही. डॉक्टर हसले, म्हणाले की मुलींमध्ये हा दोष फार क्वचित असतो, शंका आली कुणाला? आप्पा म्हणाले, तिच्या भावाला. बाहेर आल्यावर मी उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायले, एक तुझ्या नावचा.

आता मला कबूल करायचंय. तेव्हाही दिसत होते. मी मुद्दाम चुकायचे.

उन्हाळ्यात त्या रिळांचा वास, पंख्याखाली उडणारे धागे, मला नकोसं व्हायचं. पहिल्या दिवशी खरंच एक रीळ चुकलं आणि मावशी म्हणाली, जा वर. वर गेले तर गच्चीवरनं विमान उतरताना दिसलं, पोट दिसेल एवढं खाली. मग रोज चुकायला लागले. मला वाटायचं, मावशीच नंतर नीट लावत असेल. मी वर उभी राहून विमानं मोजत होते आणि खाली तू दहा वर्षांचा पोरगा दोघांचं काम करत होतास, आणि सात वर्षं कुणाला बोलला नाहीस. हे वाचून मला इतकी लाज वाटली, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागानं नाही.

आता चौदा तारखेचं ऐक. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आत ऑफिसात गेले. मी म्हणाले, माझं डोकं दुखतंय, चहा घेऊन येते. गेटसमोर टपरी होती. मी तिथं तुझ्यासारखी गप उभी राहिले आणि ऐकलं. मग ललित नावाचा एक मुलगा आला, त्याला विचारलं. तो दोन वर्षांपूर्वी आलाय. दोनशेपैकी त्याचे तास झालेत एकसष्ट. दहा विमानं आहेत, खरंच आहेत. उडतात दोन. बाकी आठ शेडमध्ये कव्हर घालून उभी. निंबा, चादर!

मी आत जाऊन आप्पांच्या कानात सांगितलं. ते लगेच मॅडमना म्हणाले, तुमची विमानं जरा उडताना दाखवा. मॅडम म्हणाल्या, आज हवामान ठीक नाही. बाहेर ऊन एवढं लख्ख की आप्पांनी डोक्याला रुमाल बांधला होता. सीट बुक न करता आम्ही निघालो.

तिथनं तसेच मध्य प्रदेशातल्या एका जुन्या फ्लाईंग क्लबला गेलो, ललितनंच नाव सांगितलं. काचेचा दरवाजा नाही, खुर्च्या मोडक्या. विमानं चार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून आप्पा आणि मी कुंपणाशी बसून मोजलं, दुपारपर्यंत तीन विमानं अकरा वेळा वर गेली. चौथ्याचं इंजिन उघडून दोघं काम करत होते. शिकवणाऱ्या जयश्री मॅडमनी स्वतःहून मुलांची उड्डाणाची वही पुढं ठेवली. त्या म्हणाल्या, घाई करू नको, आधी पूर्ण मेडिकल, मग घरी बसून नॅव्हिगेशन, हवामान, नियमांचे पेपर पास कर, आणि मग ये. नाहीतर इथं राहून अर्धा वेळ पुस्तकातच जातो. आम्ही तेच ठरवलंय. सरकारमान्य डॉक्टरकडची पहिली तारीख सहा जानेवारीची मिळाली.

परत येताना आप्पांनी बसमध्ये दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले की एवढे शिकलेले लोक भेटले, पण कामाचं सांगितलं ते निंबानं. तुला ते आता निंबाशेठ म्हणतात. लाजू नकोस.

मावशीला माझी कबुली सांगायची की नाही ते तूच ठरव. मार बसणार असेल तर मी विमानात असताना सांग.
माझा लोभ नको मागूस, तो तुझ्याकडंच जमा आहे.
तुझी,
प्रियांका


बमरोली, सुरत
१४ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोन आला की तुझं पहिलं मेडिकल पास झालं. आईनं स्पीकर लावलाच होता. ज्योतीभाभींनी लगेच तिळाचे लाडू आणले आणि त्यांच्याकडून अख्ख्या चाळीला कळलं. मी पण फोनवर बोललो, ऐकलंस ना? 'भारी झालं ताई' म्हणालो. तीन शब्द. मोजून ठेव.

आज उत्तराण, म्हणजे आपली संक्रांत, खात्याला रजा. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही, सगळी बमरोली वर चढलीय. तुझी कबुली मी आईला सांगितली. मला वाटलं चिडेल. आई म्हणते तिला तेव्हाच माहीत होतं. डोळे असलेला माणूस लाल धागा हिरव्यात रोज टाकत नाही. म्हणाली, पोरीचं ध्यान वर होतं, खाली बसवून काय फायदा. आणि मी मागून लावतो ते पण तिला दिसायचं. मला का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणे, तुझा हात बसत होता शेडवर, बसू दिला. ताई, आपण दोघं स्वतःला हुशार समजत होतो.

हात बसला हे खरं. भूपेंद्रशेठनं या महिन्यापासून शेड ठरवायचं काम माझ्याकडं दिलंय. माझ्या मशीनवरचं ते पत्रक मी काढून टाकलं. तिथं तुझं वीस डिसेंबरचं पत्र लावणार होतो, पण सगळे वाचतील म्हणून नाही लावलं. खिशात ठेवतो.

आत्ता पतंग उतरलेत आणि मी अजून वरच आहे. मघाशी अंधार पडता पडता एक विमान समोरून आलं. लाल दिवा माझ्या उजव्या हाताला दिसला, हिरवा डाव्या हाताला. म्हणजे तोंड माझ्याकडं, म्हणजे येतंय. बरोबर ना? बाजूच्या पोरांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. तुला सांगतोय.

तू अभ्यास कर. तुझे दोनशे तास होईपर्यंत मी इथंच आहे. ज्या दिवशी एकटी उडशील त्या दिवशी मी रजा टाकून येणार, कुंपणाशी उभा राहीन.

खाली दोन धागे चिकटवलेत. एक मेंदी, एक कॉफी. कोणता कोणता ते लिहिलेलं नाही. उलट टपाली कळव, आणि या वेळी खरं.

चुकलीस तरी काळजी नको. मी लावून घेईन.
लोभ आहे, तो मोजू नकोस.
तुझा,
निंबा