फोटोची काच

प्रिय गोविंदा,

आज सकाळी तुझी माय माझ्या फोटोच्या दुकानात आली होती. गावातल्या कुणाच्या तरी खाचरात, त्या उघड्या बैलगाडीत बसून, अंग आंबवून घेत थेट गोंदियापर्यंत! जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तुझा फोटो तिनं माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बापू, काच पार मळली गा. पोराचं तोंड दिसून नाही राहिलं. पुसून दे."

मी पुसली. तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "आखीन पुस," म्हणाली.

ती गेल्यापासून हाताला काम लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. तू असताना तुला कधी एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तरी तू ती दुसऱ्याकडून वाचून घेतली असतीस आणि वर मलाच हसला असतास.

गोविंदा, काच मळलेली नाही रे. हे तिला कसं सांगू?

तुझ्या बैलजोडीचा पहिला फोटो आठवतो? धान घरात आलं होतं, गोरेगावकडं बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला होता. तू छकड्यावर उभा, पुढं चांद्या आणि ढाल्या. मी तिपाई रोवून, कॅमेऱ्याची झडप जमेल तितकी झटकन उघडून मिटली. काय फोटो आला होता! बैलांचे खूर मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. आणि तुझा चेहरा! मिशी, दात, कपाळावरचा घाम, सगळं. मी तर स्वतःवरच खूश होतो.

आणि तू काय केलंस? तो फोटो चावडीवर नेलास. तिथं सगळे पोट धरून हसले. धावणारे बैल फोटोत जागच्या जागी थिजले होते ना! "गोविंद्याची जोडी उभ्या उभ्या झोपून राहिली," असं कुणीतरी म्हणालं म्हणे. तू तिथंच फोटो फाडलास आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्या अंगावर ओरडलास.

"काऊन गा बळीराम, मी पटात होतो का बैलायले पाणी पाजून राहिलो होतो? वारा कुठी हाय याच्यात?"

वारा! फोटोत वारा पाहिजे म्हणे!

कॅमेऱ्यात जिच्यावर फोटो उमटतो ती मूळ काच अजून माझ्याकडं आहे हे कळल्यावर तर तू ऐकेचनास. पुन्हा कुणी तिच्यावरून फोटो काढला तर गावात तोंड दाखवता येणार नाही, म्हणालास. लढाईचे दिवस, फ्रेमला काच मिळत नव्हती. जुन्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन आम्ही फ्रेमला वापरायचो. तू घमेलं ओढलंस, बाह्या सारल्यास आणि स्वतःच्या हातानं ती काच घासलीस. गाणं म्हणत घासलीस रे! तुझा चेहरा साय सुटावी तसा सुटला आणि पाण्यात गेला.

पुढल्या वर्षी तुझ्यासाठी मीही हट्टाला पेटलो. तिपाईवरचा स्क्रू सैल केला, झडप मुद्दाम हळू ठेवली आणि तुझी जोडी समोर आली तसा कॅमेरा तिच्याबरोबर फिरवला. किती काचा वाया गेल्या! कधी नुसती शेपटी, कधी नुसता धुरळा. शेवटी एक फोटो जमला. मागची माणसं, झेंड्या, झाडं, सगळ्यांच्या लांब रेघा झाल्या. चाकांचे आरे गायब. शिंगं आणि जू तेवढी शाबूत, आणि बैल कागदातून बाहेर पडतील असे ताणलेले.

छकडा उसळत होता, तू मान हलवून ओरडत होतास. तुझ्या तोंडाच्या जागी एक पांढरट फराटा आला.

तू नाचलास! "आता कसा! आता वारा दिसून राहिला!" मी म्हटलं, अरे, तुझं तोंड कुठं आहे? तर म्हणालास, "तोंड मायले रोजच दिसते."

रोजच दिसते! आता बोल ना!

किती वेळा म्हटलं होतं, दुकानात ये, खुर्चीवर घडीभर बस, चेहऱ्याचा फोटो काढून ठेवू. "मी काय नवरी आहो, बसून राहायले?" असं म्हणून दर वेळी निघून गेलास. मग रोवणीच्या दिवसांत तुला ताप आला. निरोप मिळाल्याबरोबर मी निघालो, पण नाल्याला पूर होता. पाणी उतरून पलीकडं पोचेपर्यंत तुला मसणात नेऊन सगळे घरी परतले होते. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता. तो मी उघडलासुद्धा नाही.

मायनं आज जाताना हळूच विचारलं, "बापू, मले त्याचं नाक आठवून नाही राहिलं. तुले आठवते का?"

मी हो म्हणालो. खरं सांगू? कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. तुला इतक्यांदा तसा पाहिला की डोळे मिटले तर तू उलटाच येतोस. सुलटा करायला जातो तर निसटतोस.

फराट्यावर पेन्सिलनं डोळे काढून पाहिले, नाक काढलं. कुणी तहसीलचा कारकून असावा तसा माणूस तयार झाला. खोडून टाकला. जे काचेवर आलंच नाही ते मी कुठून आणू? आयुष्यभर हाच धंदा केला आणि एका म्हातारीला तिच्या पोराचं तोंड दाखवता येत नाही मला.

आणि जे मी कुणालाच सांगितलं नाही, ते तुला तरी माहीत आहे. तुझ्या मायच्या या फ्रेमला जी काच आहे, ती तीच आहे. तू घासलेली. तूच हौसेनं बसवून घेतली होतीस. पहिल्या फोटोतला तुझा चेहरा होता तो तिच्यावरच, आणि माय तीच मला पुसायला सांगते.

फ्रेम माझ्याकडंच ठेवून गेली आहे. बाजाराच्या दिवशी न्यायला येईल. तुला शब्द देतो, तुझ्या जागी मी कुणाचं तोंड रंगवणार नाही आणि ही काच बदलणार नाही. ती आली की तिच्यासमोर बसेन आणि ती पुरे म्हणेपर्यंत पुसत राहीन.

तुझाच,
बळीराम फोटूवाला